धर्मग्रामाचा इतिहास गावाच्या बाजूने कसा लिहावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईतल्या तुमच्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती गावाचा) महोत्सव जवळ आला आहे, स्मरणिका निघणार आहे आणि इतिहासाचा लेख तुमच्या वाट्याला आला आहे. हाताशी आहे ती प्रमुख धर्मगुरूंची यादी, देवळाच्या म्हणजे चर्चच्या बांधकामाच्या दोन-तीन तारखा आणि 'पोर्तुगीज मिशनऱ्यांनी येथे ख्रिस्ताचा संदेश आणला' अशा अर्थाचा, प्रत्येक स्मरणिकेत सापडणारा एक परिच्छेद. यापलीकडे लिहिण्यासारखे काय आहे आणि ते कुठे मिळेल?

मी बरीच वर्षे वसई आणि साष्टीतल्या देवळांची जुनी दप्तरे वाचत आलो आहे. त्या अनुभवातून सांगतो की सामग्री पुष्कळ आहे आणि ती बहुतेक तुमच्याच देवळाच्या कपाटात आहे. आधी फक्त एक ठरवून टाका. फादर बदलीवर येतात आणि जातात, गाव मात्र तिथेच राहते. धर्मगुरूंची यादी हा कणा धरून लिहायला बसलात तर प्रत्येक फादरने काय बांधले एवढेच हाती लागेल. गाव हा कणा धरलात तर फादरही येतील, बांधकामही येईल आणि त्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे येतील.

पहिला गुंता स्थापनेच्या सालाचा. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या काही दशकांत फ्रान्सिस्कन आणि मागोमाग येशूसंघीय (जेज्वीट) मिशनरी किल्ल्याबाहेरच्या गावांत पोहोचले. वसईतली बरीच जुनी देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जातात ती यामुळे. पण 'स्थापना' म्हणून सांगितले जाणारे साल चार वेगळ्या गोष्टींचे असू शकते: मिशनरी गावात आले ते साल, पहिले लहान प्रार्थनागृह उभे राहिले ते, स्वतंत्र धर्मग्राम म्हणून मान्यता मिळाली ते आणि आजची इमारत बांधली ते. दर्शनी भिंतीवर कोरलेला आकडा बहुधा शेवटच्या मोठ्या दुरुस्तीचा असतो. हे चारही वेगळे मांडा. चारांपैकी दोनच मिळाले तर दोनच लिहा. सर्वांत जुना आकडा निवडून त्याभोवती सगळी कथा विणण्याचा मोह महोत्सवाच्या वर्षी फार होतो आणि एकदा तो दगडावर कोरला गेला की पुढच्या शंभर वर्षांत कोणी तो तपासत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जवळजवळ प्रत्येक स्मरणिका १७३९ पाशी एक मोठी उडी मारते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, घंटा मराठी सैन्याने विजयचिन्ह म्हणून नेल्या (नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच एक मानतात) आणि मग लेख एकदम इंग्रजी अमदानीत उतरतो. मधली जवळजवळ ऐंशी वर्षे रिकामी. खरे तर तुमच्या धर्मग्रामाची सर्वांत मोठी कसोटी याच काळातली. युरोपीय संन्यासी निघून गेले, मठ ओस पडले, राजसत्तेचा आधार संपला. तरीही गावांतली श्रद्धा टिकली. ती गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळली आणि त्याहून अधिक गावकऱ्यांनी. संध्याकाळची प्रार्थना घराघरांत चालू राहिली, मुलांना धर्मशिक्षण आई-आजीने दिले, सणाच्या दिवशी देवळाला चुना गावानेच लावला. 'पोर्तुगीजांनी लादलेला आणि त्यांच्यासोबत संपलेला धर्म' असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर या ऐंशी वर्षांत आहे. म्हणून या काळाबद्दल एक ओळ मिळाली तरी ती सोडू नका. जुन्या कबरीवरचा एखादा दगड, दानाची एखादी नोंद, एखाद्या घराण्यात 'आम्ही देवळाची किल्ली सांभाळायचो' अशी चालत आलेली आठवण, हे सगळे लेखात यायला हवे. आठवण असेल तर ती आठवण म्हणूनच लिहा.

आता कागदपत्रे. आपली जुनी कागदपत्रे एका जागी सापडत नाहीत, कारण आपली सत्तास्थाने बदलत गेली. वसईचा भाग दीर्घकाळ गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानंतर दमणचे स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) झाले आणि वसई त्यात गेली. १९२८ मध्ये ते धर्मप्रांत मोडले आणि वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. २२ मे १९९८ रोजी वसईचे स्वतःचे धर्मप्रांत झाले, बिशप थॉमस डाबरे पहिले बिशप झाले आणि पापडीचे देवमातेचे देऊळ कॅथेड्रल ठरले. त्यामुळे १९२८ पूर्वीच्या पत्रव्यवहारासाठी गोव्याकडे आणि मधल्या सत्तर वर्षांसाठी मुंबईकडे विचारणा करावी लागते. एक सोपा, छापील आधारही आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या भागातल्या देवळांचे वर्णन आहे आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांचे चालीरीतींसह टिपण आहे. लिहिणारा परका अधिकारी आहे, त्याचे पूर्वग्रह दिसतात. तरी एका ठरावीक वर्षी गाव कसे होते याचे ते चित्र आहे आणि तुलनेसाठी ते फार उपयोगी पडते.

पण खरा खजिना कपाटातल्या वह्या. कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वहीतही धर्मपिता-धर्ममातेची (गॉडफादर-गॉडमदरची) नावे याच निर्णयाने आली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची नोंद आणि घरवार कुटुंबयादी यांची भर घातली. आजच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला ५३५ वा नियमही बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायला आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपायला सांगतो. मागायला जाताना हा नियम माहीत असू द्या. परवानगीचे बोलणे सोपे होते.

बाप्तिस्म्याची वही नुसती जन्मतारखांसाठी उघडू नका. धर्मपिता आणि धर्ममाता कोण, ते बघा. एकाच आळीतले, की दुसऱ्या गावचे? एखादा माणूस दहा-पंधरा मुलांचा धर्मपिता झालेला दिसला तर तो त्या काळचा गावातला मान्यवर समजा. मालकाने मजुराच्या मुलाचे धर्मपालकत्व घेतले का, कोळीवाड्यातल्या मुलाला वाडीतले धर्मपालक मिळाले का, हे प्रश्न वहीला विचारता येतात आणि वही उत्तर देते. समासातल्या बारीक नोंदीही वाचा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) कधी झाले, विवाह कुठे झाला, कोण पौरोहित्यात गेला, हे नंतर बाजूला लिहिलेले असते. समासावरूनच कळते की गावच्या मुली कुठल्या गावी दिल्या गेल्या आणि मुंबईच्या देवळांची नावे कधीपासून येऊ लागली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. तुमच्या गावाच्या जीवनात ती नेमकी केव्हा शिरली हे रेल्वेच्या इतिहासापेक्षा या समासांत अधिक स्पष्ट दिसेल.

विवाहाच्या वहीत दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. एक, नात्यातल्या विवाहासाठी घेतलेली सवलत. १९१७ च्या धर्मसंहितेपर्यंत चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्याला विवाहबंदी होती. त्यामुळे लहान गावात अनेक जोडप्यांना परवानगी घ्यावी लागे आणि त्या नोंदीत दोघांचे नाते किती पिढ्यांवर जुळते ते लिहिलेले असे. घराण्याचा वृक्ष काढायला याहून भक्कम आधार मिळत नाही. दुसरी, सह्या. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानंतर छापील रकाने आले: वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, वधू-वर आणि साक्षीदारांच्या सह्या. पाने उलटत जा आणि अंगठा किंवा फुली कुठे संपते, सही कुठे सुरू होते, ते टिपा. आधी नवऱ्यामुलाची सही येते, बऱ्याच वर्षांनी वधूची. गावात शाळा कोणत्या साली झाली हे तुम्ही लिहालच. पण त्या शाळेने काय केले ते या सह्यांच्या रांगेत दिसते. स्मरणिकेत अशी दोन पाने शेजारी शेजारी छापली तर पानभर मजकुराची गरज उरत नाही.

मृत्यूची वही शांत बसून वाचायची आहे. १८९६ पासून प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा या वर्षांवर आधी थांबा. एरवी महिन्याला चार-दोन नोंदी असतात तिथे पाने भरलेली दिसली, अक्षर घाईचे आणि मजकूर तुटक झाला, तर साथ तुमच्या गावापर्यंत आली होती असे समजा. एका घरातली किती माणसे गेली ते मोजा आणि त्या घराच्या आजच्या वंशजांना विचारा. पुष्कळदा त्यांना 'आजोबांना मामाने वाढवले' एवढेच माहीत असते. कारण वहीत असते. तेव्हा त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे येते त्यासाठी तरी हे काम करावे असे मला मनापासून वाटते.

वाचताना काही ठिकाणी ठेच लागेल. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये, नंतरच्या इंग्रजीत आणि अगदी अलीकडच्या मराठीत असतात. पोर्तुगीज वह्यांत सप्टेंबर हा सातचा आकडा घालून, ऑक्टोबर आठचा, नोव्हेंबर नऊचा आणि डिसेंबर रोमन दहाचा आकडा घालून आखूड लिहितात. नवशिका तो जुलै-ऑगस्ट समजतो आणि बाळ जन्माआधीच बाप्तिस्मा घेऊन बसते. घरात इनास असलेला माणूस वहीत इग्नासियू असतो, दुमिंग हा दोमिंगुस. एकाच घरात दोन-तीन वर्षांच्या अंतराने तेच नाव पुन्हा आले तर बहुधा पहिले मूल गेलेले असते, जरी मृत्यूची नोंद सापडली नाही तरी. लोपीस, डिसोजा, परेरा, तुस्कानो ही आडनावे इतकी दाट की नुसत्या नावावर माणूस ओळखू नये. आळी, वडिलांचे नाव आणि बायकोचे नाव जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या धरू नका.

वह्यांनंतर हिशेब. देवळाच्या निधीची आणि कॉन्फ्रारियांची म्हणजे भक्तमंडळांची जमाखर्च पुस्तके बहुतेक लोक उघडतही नाहीत, कारण त्यांत देवाधर्माचे काही नसते असे वाटते. मी तर आधी तीच मागतो. मेणबत्त्या, तेल, चुना, कौले, वाजंत्री, माडांच्या उत्पन्नाचा लिलाव, सणाची वर्गणी. कोणत्या साली वर्गणी कमी पडली? दुष्काळ होता की भांडण? सणाचा मान कोणाकडे होता आणि तो कधी बदलला? वाजंत्रीच्या जागी बँड केव्हा आला? गावाचे सामुदायिक जीवन या आकड्यांत नांदते.

जमिनीचे कागद वेगळे काढा. देवळाची जागा कोणी दिली ही दंतकथा प्रत्येक गावात असते आणि दर वेळी ती वेगळ्या घराण्याच्या नावावर असते. सातबारा, जुने फेरफार आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली झालेल्या नोंदणीचा उतारा, हे तीन कागद मिळवा. न्यासाच्या उताऱ्यात त्या वेळची स्थावर आणि जंगम मालमत्ता लिहिलेली असते, कधी चांदीच्या वस्तूंसकट. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. देवळाच्या शेतीचे तुमच्या गावात काय झाले, ती कुळांकडे गेली की न्यासाकडे राहिली, हे फेरफारात पाहा. त्यात गावाच्या आर्थिक घडीचा मोठा भाग उलगडतो.

माणसांशी बोलणे या सगळ्यानंतर ठेवा. आधी गेलात तर 'पूर्वी सगळे एकदिलाने राहायचे' एवढेच ऐकून परत याल. वहीतले एखादे नाव, एखादे साल घेऊन गेलात तर आठवण उघडते. शक्यतो म्हाताऱ्या बायकांकडे जा आणि दोघींना एकत्र बसवा. एक चुकली की दुसरी दुरुस्त करते आणि त्या दुरुस्तीतच खरी माहिती असते. त्यांच्या बोलीतच बोलू द्या, सामवेदी असो की वाडवळी, आणि उतरवतानाही त्यांचे शब्द बदलू नका. मोठे प्रश्न विचारू नका. देवळात बायका कुठे बसायच्या, लॅटिन मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) चालू असताना हातात काय असायचे, बावखलावर (गोड्या पाण्याच्या तळ्यावर) कोण कधी जायचे, मे महिन्यात कोणत्या क्रुसापुढे प्रार्थना व्हायची आणि नंतर चणे कोणाकडचे, सणाला पाहुणे किती दिवस राहायचे, केळी आणि पानमळ्यांच्या कामातून उपवासकाळाच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला कोण यायचे, असे विचारा. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली. पहिली मराठी मिस्सा ऐकलेली माणसे अजून गावात आहेत. त्या दिवशी काय वाटले हे त्यांना आत्ताच विचारून ठेवा, कारण ही साक्ष कोणत्याही वहीत नाही.

एक विषय टाळू नका असे आग्रहाने सांगतो. धर्मांतरानंतरही जात गेली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी यांच्या आळ्या वेगळ्या, बेटीव्यवहार वेगळे आणि काही ठिकाणी सणातले मान आणि बसण्याच्या जागाही वेगळ्या होत्या. समिती म्हणेल, महोत्सवाच्या वर्षी हे कशाला. पण ज्यांना मागच्या बाकावर बसावे लागले त्यांची नातवंडेही ही स्मरणिका घरी नेणार आहेत. नावे घेऊन कोणाला उघडे पाडू नका. व्यवस्था काय होती, ती कधी आणि कोणाच्या प्रयत्नाने सैल झाली, हे सरळ लिहा. दोन परिच्छेद पुरतात. ते नसतील तर बाकीच्या लेखावर त्या वाचकांनी विश्वास का ठेवावा?

विसाव्या शतकासाठी साधने भरपूर आहेत, त्यामुळे तिथे हात आखडता ठेवायचा. पण एक धागा मात्र नीट पकडा: देवळाच्या आवारातून गावाच्या इतर संस्था कशा निघाल्या. १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतपेढी आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून उभी आहे. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या शेतकऱ्याला त्याच्या ओळखीच्या माणसांनी कर्ज द्यावे, हा विचार धर्मग्रामातल्या परस्पर विश्वासावरच शक्य झाला. १९५५ पासून 'सुवार्ता' मासिक निघू लागले आणि गावच्या माणसांना मराठीत लिहिण्याची जागा मिळाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. विहिरींचे पाणी आणि शेती वाचवण्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली, त्यात मिस्साला येणारी माणसे होती आणि न येणारीही होती. तुमच्या गावातून त्यात कोण गेले, बँकेच्या भागधारकांच्या पहिल्या यादीत तुमच्या गावची कोणती नावे आहेत, 'सुवार्ता'त तुमच्या गावातून कोण लिहीत असे, हे शोधा. सर्वज्ञात इतिहास पुन्हा सांगू नका, त्यातला तुमच्या गावाचा वाटा सांगा.

इमारतीबद्दल लिहाल तेव्हा आजच्या अवस्थेची नोंद नक्की करा. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत दगड व चुना दोन्ही सुटू लागतात. कोरीव लाकडी वेदीवर महोत्सवानिमित्त तेलरंग फासायचा ठराव झाला असेल तर आधी तज्ज्ञाला दाखवा, कारण खालचा जुना मुलामा नंतर परत मिळवणे फार अवघड जाते. काही काढायचे ठरलेच तर काढण्यापूर्वी मापे घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. जुनी कौले, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, कबरीवरचे लेख हेही त्या यादीत धरा.

वह्या हाताळताना हात धुऊन, कोरडे करून बसा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि पाने प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक दिसू द्या. वही देवळाबाहेर नेऊ नका, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही.

शेवटी काय छापायचे नाही, ते. वहीत 'पिता अज्ञात' अशा नोंदी असतील, दत्तकांच्या असतील, मोडलेल्या विवाहांच्या असतील. त्या कितीही जुन्या असल्या तरी नावासकट छापू नका. हयात माणसांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या नोंदी त्यांच्या परवानगीशिवाय वापरू नका. लेखाचा मसुदा तयार झाला की छापण्याआधी प्रत्येक आळीतल्या एका जाणत्या माणसाला वाचायला द्या आणि दुरुस्त्यांसाठी महिनाभर ठेवा. फोटोंचा एक संच अनुक्रमणिकेसह धर्मप्रांताच्या दप्तरात जमा करा, एक देवळात राहू द्या.